अजून चालतील की!

दसऱ्याला गाडीची पूजा करताना माणूस चारही चाकांपाशी वाकतो, कारण लिंबं ठेवायची असतात. ज्या वस्तूवर पुढचं वर्षभर त्याचा, त्याच्या घरच्यांचा आणि रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसांचा जीव अवलंबून असतो, ती वस्तू त्या वेळी त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, चाकाच्या आऱ्यांमागे असते. तो लिंबाकडे बघतो. चारही सारखी आहेत ना, डावीकडचं घरंगळणार तर नाही ना, याची खात्री करतो. मग बॉनेटवर झेंडूचा हार, स्टिअरिंगला हळदकुंकू, वायपरमध्ये आपट्याची दोन पानं. गाडी पुढे घेऊन चारही लिंबं फोडली की संरक्षणाची वर्षभराची तरतूद झाली.

शोरूममध्येही तीच तऱ्हा. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, स्क्रीन किती इंची, मागे आईच्या गुडघ्यांना जागा पुरेल का, हे सगळं खोदून खोदून विचारून होतं. ‘ही शंभरच्या वेगातून किती मीटरमध्ये थांबते हो?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. कोणी विचारलंच तर सेल्समन गांगरून आतून मॅनेजरला बोलावेल, आणि मॅनेजर अभिमानाने सांगेल, ‘सर, ही थांबणाऱ्यांसाठी नाहीच!’

वास्तविक ब्रेकची रचना अगदी सोपी आहे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा कॅलिपर, आणि त्या कॅलिपरच्या चिमटीत समोरासमोर दोन पॅड. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर पक्कं बसवलेलं, झिजण्यासाठीच जन्माला आलेलं मटेरियल. आपण पेडल दाबतो, पॅड डिस्कला आवळतात, गाडी थांबते, पॅड किंचित झिजतात. नवे असतात तेव्हा ते साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतात. ३ मिलिमीटरवर आले की बदलायचे. संपलं शास्त्र.

पुष्कळ गाड्यांमध्ये हे बघायला चाकही काढावं लागत नाही. मोबाइलचा टॉर्च आऱ्यांमधून आत मारला की बाहेरचा पॅड दिसतो. आतला मात्र दिसत नाही, आणि पुष्कळदा आधी झिजतो तो आतलाच. कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकल्या की बाहेरचा पॅड आरामात राहतो आणि सगळं काम आतल्याच्या अंगावर पडतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर ३ मिलिमीटर. डेअरीत दुधाचं फॅट दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत विचारून घेणारे, सोनाराच्या काट्यावरची गुंजभर हालचाल श्वास रोखून पाहणारे आपण. पण पॅडच्या बाबतीत आपण मापच बाद केलेलं आहे. ‘किती उरलेत?’ या प्रश्नाला उत्तर मिलिमीटरमध्ये येत नाही. उत्तर येतं, ‘अजून चालतील की!’ मिस्त्री हे म्हणतो तेव्हा त्याला दुसरं गिऱ्हाईक आटपायचं असतं. मालक म्हणतो तेव्हा त्याला पैसे वाचवायचे असतात. पॅडचं मत कोणी घेत नाही.

हाच प्रश्न रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकून बघा. बादल्या खाली ठेवल्या जातात. पहिले बोलतात ते बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी उमेदीची वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ‘आधी एकदा दाबायचा तो ब्रेकला जागं करायला,’ काका सांगतात, ‘मग दुसऱ्यांदा दाबायचा तो गाडी थांबवायला. मध्ये समोरच्याला ओरडून सांगायला वेळ मिळायचा.’ काकांच्या मते डिस्क ब्रेक आल्यापासून माणसांना आगाऊ विचार करायची सवय राहिली नाही.

दुसरा पंथ ‘मी ब्रेक वापरतच नाही’ म्हणणाऱ्यांचा. यांचा सगळा कारभार गिअर आणि हॉर्नवर चालतो. हॉर्न हा ब्रेकला पर्याय आहे, अशी यांची प्रामाणिक समजूत आहे. आपण थांबण्यापेक्षा समोरच्याने सरकावं, यात इंधन, वेळ आणि पॅड तिन्ही वाचतात, हे त्यांचं गणित मला आजवर खोडता आलेलं नाही. तिसरा आमच्या बी विंगमधला सॉफ्टवेअरवाला मुलगा. गाडीबरोबर आलेलं जाडजूड मॅन्युअल वाचलेला सोसायटीतला हा एकमेव मनुष्य. त्याचं म्हणणं कोणी पूर्ण ऐकून घेत नाही, कारण ते बरोबर असतं.

‘पण किलोमीटर सांगा ना!’ असा आग्रह प्रत्येक जण धरतो. आपल्याला आकडा लागतो. वरणाला किती शिट्ट्या, तशी गाडीला किती किलोमीटर. तर पुढचे पॅड साधारण ३० ते ६० हजार किलोमीटर जातात, आणि हे उत्तर किती बिनकामाचं आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. समृद्धी महामार्गावर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर जाणाऱ्याचा पाय ब्रेकवर जाईल तो टोलनाक्यावर, नाहीतर जेवायला थांबताना. तेवढ्याच झिजेत सिंहगड रोडवरचा माणूस संध्याकाळी भाजी घेऊन घरी पोचतो. त्यात आपल्याकडचे गतिरोधक. गल्लीतल्या प्रत्येक वजनदार माणसाच्या दारासमोर एक, तोही रंग न लावलेला, म्हणजे दिसला की करकचून ब्रेक. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्यांत काही जण दोन पायांनी चालवतात, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर नुसता ‘विसाव्याला’. या विसाव्याचं बिल वेगळं येतं.

आणखी एक. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकंच करतात. म्हणून लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे अजूनही ड्रम असतात, आणि मागचे लायनर पुढच्या पॅडपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. ‘मागचे बदलून फार दिवस नाही झाले’ ही पुढचे न बदलण्याची सबब होऊ शकत नाही, हे त्या सॉफ्टवेअरवाल्याने एकदा सांगून पाहिलं. काकांनी त्याला बादली आणायला पाठवलं.

या सभेत मुद्द्याचा प्रश्न शेवटी विचारतात त्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी, आणि तोही जाता जाता, ‘पण मग ते वाजतं काय?’

वाजतं ते असं. पॅड बनवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे त्यांनी पुष्कळ पॅडना स्टीलची एक लहानशी पट्टी लावून ठेवलेली असते. मटेरियल २-३ मिलिमीटरवर आलं की ही पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. कानाला सहन होऊ नये, असाच तो आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. मराठी माणसाची सहनशक्ती किती, याचा अंदाज मात्र त्या इंजिनिअरांना नसावा.

पहिल्या आठवड्यात तो आवाज शेजारच्या गाडीचा असतो. दुसऱ्या आठवड्यात तो पावसाचा असतो, पाऊस नसेल तर धुळीचा, आणि धूळही नसेल तर परवा गाडी धुतली त्याचा. या तर्कांना थोडा आधार असतो, हीच खरी पंचाईत आहे. पावसाळ्यात गुहागरला दोन दिवस समुद्राकाठी गाडी उभी राहिली तर डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि निघताना पहिल्या ब्रेकला असा खरखराट होतो की घरमालक माजघरातून बाहेर येतात. तो गंज दोन-चार ब्रेकमध्ये घासून जातो, आवाजही जातो, बिघडत काही नाही. कधी डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकतो. तेव्हाचा आवाज ऐकून माणूस गाडी विकायला काढतो, आणि रिव्हर्स घेतली की खडा पडून जातो. म्हणजे दोन-चार ब्रेकनंतर थांबला तर तो आवाज हवामानाचा, आणि दिवसभर सोबत राहिला तर पॅडचा. फरक एवढा सरळ आहे. पण एकदा गुहागरला आवाज आपोआप गेलेला असतो ना! त्या एका अनुभवावर माणूस पुढची पाच वर्षं काढतो.

डिस्क ब्रेकच्या जातीतच ही किंचाळी आहे म्हणा. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी पॅड तांब्याचे केले होते. तांबं धातूवर घासल्यावर जे व्हायचं ते झालं. ब्रेक लागायचे, पण सोबत जी कर्कश बोंब उठायची तिने रस्त्यावरच्यांचा थरकाप व्हायचा. कल्पना उत्तम असूनही बरीच वर्षं मागे पडली. पुढे १९५३ मध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली. इतरांना वळणाआधी जिथे ब्रेक दाबावा लागत होता, त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन ही गाडी ब्रेक दाबत होती. उशिरा थांबता येतं म्हणून लवकर पोचता येतं, हे तिथे सिद्ध झालं. आमच्या हॉर्नपंथीयांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘आम्ही तर मुळीच थांबत नाही, मग आम्ही कधी पोचू?’

तर तिसऱ्या आठवड्यात गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढतो. ही दुरुस्ती लगेच होते आणि तिला खर्च नसतो. चौथ्या आठवड्यापर्यंत घरच्यांना किंचाळीची सवय होते. एवढंच नव्हे, त्यांना तिचा उपयोग होऊ लागतो. गेटपाशी किंचाळी उठली की वर मुलं हातातला मोबाइल खाली ठेवून पुस्तक उघडतात. आजी गॅसवर चहाचं आधण ठेवतात. वॉचमन न बघता गेट उघडतो. अशा वेळी पॅड बदलण्याचा विषय निघाला, की सगळ्यात जास्त विरोध मुलांचा असतो.

शिवाय पंचांग आहेच. गणपतीच्या आधी खर्च नको. गणपती झाले की पितृपक्ष, त्यात नवी वस्तू घेत नाहीत. (जो पितृपक्षात नवे पॅड नकोत म्हणून थांबतो, त्याला पुढच्या पितृपक्षात आपण पान वाढणाऱ्यांत असू की पान घेणाऱ्यांत, याची खात्री कोण देतं, मला माहीत नाही.) मग दिवाळीचा बोनस येतो, तो सोफ्यात जातो. मग लग्नसराई, मग मार्च एंड, मग ‘आता पावसाळा संपू दे’. लहान गाडीच्या पुढच्या पॅडचा सेट चौघांच्या रविवारच्या हॉटेलच्या बिलात बसतो. पण हॉटेलात निदान पनीर समोर येतं. पॅडवर खर्च केलेले पैसे कोणाला दाखवणार? ‘या बसा, ब्रेक दाबून दाखवतो’ असं पाहुण्यांना म्हणता येत नाही.

आणि एके दिवशी किंचाळी थांबते. काका हात वर करून सांगतात, ‘बघ, गेला की नाही आपोआप!’ आता तिच्या जागी खालच्या पट्टीतली घरघर आलेली असते. तो आवाज पॅडचा नाही. पॅड संपलेले आहेत. त्यांच्या पाठीची उघडी लोखंडी पट्टी डिस्क खात असते. इथपर्यंत बिल चार पॅडांच्या सेटचं होतं. इथून पुढे ते दोन डिस्कसहित आहे.

काही जणांकडे आवाजाआधी दिवा लागतो. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकून राहतो, त्याच्या मागची जागा भरायला ब्रेक ऑइल खाली उतरतं, आणि डबीतली पातळी घटल्यावर समोर हँडब्रेकचाच तांबडा दिवा पेटतो. मालक तीन वेळा हँडब्रेक वरखाली करून बघतो. मग पेट्रोल पंपावरचा पोऱ्या ऑइल भरून देतो, दिवा विझतो आणि दोघांनाही कृतकृत्य वाटतं.

आता जरा घाटाकडे जाऊ, कारण या सगळ्या आळसाचा हिशेब तिथे होतो. थांबणं म्हणजे वेगाची उष्णता करणं. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात लिटरभर पाण्याला जवळजवळ उकळी फुटते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी ५०० मीटरहून जास्त खाली येते. इंजिनाची मदत न घेता हा उतार नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर अठरा-वीस लिटर पाण्याचं आधण होईल एवढी उष्णता त्या चार चाकांच्या आत तयार होते. एका मध्यम साखरपुड्याचा चहा. पॅड फार तापले की पकड सोडतात. पॅड पातळ झालेले असले तर ती उष्णता आणखी सहज मागे ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की हीच हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइलमध्ये एकदा वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं, मग आणखी मऊ पडतं, आणि शेवटी मॅटला टेकतं.

याला उपाय म्हणजे ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, पायाला विश्रांती आणि इंजिनाला काम. पण मागच्या सीटवर सासरेबुवा असतात. ते सांगतात, ‘उतार आहे, न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचेल.’ आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाला जाणारं पेट्रोल बहुतेक बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे सासरेबुवांच्या युक्तीने पेट्रोलही जातं आणि पॅडही. पण खंडाळ्याच्या वळणावर जावयाने सासऱ्यांना फ्युएल इंजेक्शन समजावून सांगावं, अशी आपली संस्कृती नाही. जावई ‘हो बाबा’ म्हणतो आणि गिअर तसाच ठेवून नुसता दांड्यावर हात फिरवतो. सुखी संसार यालाच म्हणतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रल टाकलेल्या आणि ब्रेक तापलेल्या अवजड गाड्यांनी काय केलं आहे, ते पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको. तिथे मला विनोद सुचत नाही.

घाटावरून बेर्था बेंझ बाई आठवतात. ऑगस्ट १८८८ मध्ये त्या नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझ यांनी, बनवलेली तीन चाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजायला लागले, तेव्हा वाटेतल्या एका मोच्याला गाठून त्यांनी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते हेच, असं मानतात. झिजल्याचं दिसलं, त्याच प्रवासात, त्याच गावात काम करून घेतलं. गाडी ज्याने बनवली तो त्या वेळी घरी होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो बरोबर असता तर उताराच्या तोंडावर एकदा ठोकळ्यांकडे बघून म्हणाला असता, ‘अजून चालतील की!’ जर्मनमध्ये, पण हेच.

गॅरेजमध्ये जायची वेळ शेवटी येतेच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी टाकली असेल तर दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये फोन येतो, ‘सर, फ्रंट पॅड साठ टक्के गेलेत. रिप्लेस करायचे का?’ साठ टक्के गेले म्हणजे चाळीस टक्के आहेत, हे मराठी माणसाच्या तत्काळ लक्षात येतं आणि तो ‘राहू द्या’ म्हणतो. मिलिमीटर किती, हे तो सांगत नाही आणि हा विचारत नाही. मग तोच आवाज इंजिन ड्रेसिंग, एसीतला सुगंध आणि खालून गंजरोधक फवारा सुचवतो, आणि पॅड वाचवल्याच्या आनंदात मालक तिन्हींना हो म्हणतो.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे मात्र सुनावणी समोरासमोर होते. जॅक लागतो, चाक निघतं, आणि मिस्त्री आपल्याला जवळ बोलावतो. ‘साहेब, बोट फिरवून बघा.’ डिस्कच्या कडेला उंच काठ राहिलेला असतो, कारण पॅड तिथपर्यंत पोचत नाही. मधला भाग तेवढा खोल गेलेला असतो. वर गोल चरे. नख अडकेल एवढे चरे असले तर प्रकरण गंभीर. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर बारीक अक्षरांत ‘मिन टीएच’ असं कोरलेलं असतं आणि पुढे आकडा. ती त्या डिस्कची कमीत कमी जाडी. २२ मिलिमीटरची डिस्क असेल तर बहुधा २० च्या आसपास. त्याखाली गेली की ती बदलायचीच, तिथे घासाघीस नाही. आकड्याच्या वर असली तर लेथवर तोंड साफ करून घेता येतं, पण लेथ मारल्यानंतरही ती त्या आकड्याच्या वर उरली पाहिजे. हा उत्तरार्ध लेथवाला सांगत नाही. पॅड वेळेवर बदलत गेलं तर एकेका डिस्कवर पॅडचे दोन-तीन सेट सहज निघतात.

कधी डिस्क दिसायला चकचकीत असते, पण ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मालकाने तोवर दोन वेळा व्हील बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट करून पैसे घालवलेले असतात. नुसतं चालताना थरथरत असेल तर चाकाकडे बघावं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही, किंवा पॅडचं मटेरियल तिच्यावर ठिकठिकाणी चिकटून बसलंय. हे निदान करायला मिस्त्रीला एक फेरी पुरते. ‘राऊंड मारून येतो,’ म्हणून तो जातो तो अर्ध्या तासाने येतो, आणि निदानाबरोबर वडापावही आणतो.

मग सुट्या भागांचं दुकान. पुण्यात त्यासाठी नाना पेठ. काउंटरवरचे शेठ मान वर न करता विचारतात, ‘ओरिजिनल देऊ, ओरिजिनलसारखा देऊ, की चालणारा देऊ?’ गिऱ्हाईक मधला मागतं. आपण सगळ्याच बाबतींत मधला मागतो. घरी आल्यावर कळतं की डबा ओरिजिनल आहे, आत चालणारा आहे. खरेदी डाव्या-उजव्या चाकांची एकदमच करायची असते, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. तरीही ‘आवाज फक्त डावीकडून येतोय, डावाच सेट द्या ना’ म्हणणारं गिऱ्हाईक रोज एक तरी असतं, असं शेठ सांगतात. चप्पल एकाच पायाची तुटली म्हणून एकच विकत मागणारेही तेच असावेत.

काम झाल्यावर मिस्त्री जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून परत देतो. हा पुरावा. मालक तो घरी नेतो, जेवणाच्या टेबलावर उघडतो आणि उरलेलं दीड मिलिमीटर बोटाने दाखवत खिन्नपणे म्हणतो, ‘बघ, होते अजून.’ पुढे ते पॅड बाल्कनीच्या दाराला अडकण म्हणून लागतात. ते काम ते चोख करतात, कारण तिथे झीज नाही.

नव्या पॅडच्या दोन गोष्टी कोणी नीट सांगत नाही. पहिली, बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं. म्हणून गाडी हलवण्याआधी जागेवर चार-पाच वेळा पंप करून ते घट्ट झालंय ना, ते बघायचं. चांगला मिस्त्री हे स्वतः करतो. घाईत असलेला मिस्त्री विसरतो, आणि मग गाडी रिव्हर्स घेताना समोरच्या टपरीतले सगळे एकदम उभे राहतात. दुसरी गोष्ट अशी, की पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचे नाहीत. शक्य तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत बेताने वेग कमी करायचा, मध्ये पॅड थंड होऊ द्यायचे, आणि असं आठ-दहा वेळा करायचं, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसतो.

आमच्या सोसायटीतला सॉफ्टवेअरवाला मुलगा, मॅन्युअल वाचलेला, हे करायला एका रविवारी पहाटे बायपासच्या सर्व्हिस रोडवर गेला. मोकळा रस्ता म्हणजे पुण्यात तेवढाच. साठ, मग हळूहळू दहा. परत साठ, परत दहा. चौथ्या खेपेला मागून आलेले स्कूटरवरचे एक आजोबा त्याच्या खिडकीशी येऊन थांबले. त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

‘शिकताय का?’

‘नाही काका, नवीन ब्रेक पॅड बसवलेत.’

‘बसवलेत ना? मग आता काय करताय?’

‘बसवतोय. म्हणजे, डिस्कवर नीट बसायला हवेत.’

आजोबांनी गाडीकडे पुढून मागून नीट पाहिलं.

‘म्हणजे तुमचे ब्रेक लागतात?’

‘हो, उत्तम लागतात.’

‘मग मागे तसं लिहून ठेवत जा की!’ आजोबा काच खाली करत म्हणाले, ‘आम्ही मागच्यांनी काय समजायचं?’